पैलवानाला बाळगोळी

हॅलो?… हॅलो… कोन?… थांबा जरा, दिवानजी म्हनत्यात भोंगा उलटा धरलाय… हां. आता बोला.

दाक्षायणी आक्का व्हय? मी फुलाच की… न्हाय, तुमचं मालक दुकानात न्हाईत, मोहोळला गेल्यात… माज्याशीच काम? बया, तुमी घरात आन् मी हितं अडतीच्या दुकानात, तरी शेजारी बसून बोलल्यागत वाटतंय. बोला.

तुमच्या दारात?… आमचं पैलवान?… काय मागत्यात?

बाळगोळी?

आक्का, आमच्या घरात बाळ कुटलं? धाकटी लेक दोन वर्सांखाली वैरागला नांदायला गेली… रातभर रडतंय म्हनत्यात? रडनारं बाळ तुमच्या ओसरीवर बसलंय की, पटका बांधून.

न्हाय, हसू नका, आदी सांगा. दिली का गोळी?… तुमच्या सासूबाईंनी, निंगव्वानं डबी काडली? आक्का, पळा. त्यांच्या हातनं डबी घ्या. म्हाताऱ्या मानसाला दया लई लवकर येती. जावा, मी धरते भोंगा…

व्हय दिवानजी, आटपते. तुमी तुमचं वजन बघा.

…घेतली? कमरंला खोचली? बेस केलंत… येक दिल्यानं काय हुतंय म्हनता? अवो, बाळगोळीत अफूच असती की. आन् त्यांना येक गोळी म्हंजे दर्यामें खसखस. डबी रिकामी करतील आन् वर निंगव्वाला आशीर्वाद देतील.

तुमाला म्हनून सांगते. गुडगा गेला तवा कुस्ती सुटली. कळ मारायला भिमा वस्तादांनीच दिली पयल्यांदा, मोहरीयेवडी. मोहरीची झाली ज्वारी, ज्वारीचा झाला हरभरा… व्हय ना. अजून वरीसभर गेलं आसतं तर आवळ्यावर गेलं आसतं.

न्हाय वो, हात कवाच उचलला न्हाय माज्यावर. बोलायचंच न्हाईत. दीस दीस भिंतीकडं तोंड करून बसायचं. माढ्याच्या जत्रंत येका दुपारी तीन गडी आस्मान दावलेला मानूस, आन् नाकावरची माशी हाकलायचा कटाळा. लई भ्या वाटायचं आक्का, त्या गप बसन्याचं.

सोडवली कशी?… मी तालमीत गेले. व्हय, मीच! बाईमानूस आत आलेलं बघून वस्ताद पाठमोरं झालं, गडी धोतरं हुडकायला लागलं. मी मातीत नारळ ठिवला आन् शेजारी अफूची डबी ठिवली. जत्रंच्या फडात न्हाय का, नारळ उचलला की जोड मान्य, मग माघार न्हाय. म्हनलं, ह्यो डबीतला गडी लई दिसांपास्नं तुमच्या छातीवर बसलाय. लडनार का? … उचलला की. शड्डू असा ठोकला की कौलावरली कबुतरं उडाली. आज अकरावा दीस.

हाल तर इचारू नका. नाक गळतंय, पोट धरत न्हाय, जांभया अशा की घरातलं समदं मानूस जांभया देतंय. तिसऱ्या दिशी शेजारच्या केराबाईच्या बोकडाला धोबीपछाड घातली… न्हाय, बोकड बरा हाय. पर आमच्या दारावरनं जात न्हाय, वळसा घालतंय. केराबाई बी वळसाच घालती.

अफूच्या दुकानात? तितं जायाची त्यांना लाज वाटती. समद्या पेठंला नारळाचं कळलंय. म्हनून तुमच्याकडं आलं आसतील…

काय?… पानी मागितलं? द्या की… आन् रडायला लागलं?

आक्का, त्यांच्या हातात भोंगा द्या… म्हनावं, चावत न्हाय. द्या.

…अवो, मी हाय. न्हाय, तारंत शिरले न्हाय, दुकानातच हाय. हळू बोला, आइकू येतंय.

…कळलं मला बाळाचं. आसू द्या…

कवा खाल्ली? परवा?… कुनाकडनं घेतली?… केराबाईकडनं? बोकडाची माफी मागायला गेलता न्हवं? … तिला बी दया आली. घ्या.

…केवडी? … हां. म्हनून दोन दीस माज्याकडं बघत न्हवता व्हय. मी तुमाला ताकभात घालत बसले.

…हारला? कोन म्हनतंय हारला? … नारळ बाटला, आता खाल्ली काय आन् न खाल्ली काय… असं कुटं आसतंय वो. वीस वर्सं बैलगाडीत बसून तुमची कुस्ती बघितली मी. येक खांदा टेकला की चितपट म्हनत्यात का? सांगा… मोट्यानं सांगा… न्हाय ना? दोनी टेकावं लागत्यात. तुमचा येक टेकलाय.

…काय म्हनला? … परत सांगा.

…सकाळी उटल्यावर कुटं जायाचं कळत न्हाय.

…

धनी, मला ठावं न्हवतं. मी गुडग्यालाच तेल चोळत बसले. जीव तुटला बघा माजा आता… हॅलो?… अवो…

आक्का? … भोंगा तुमच्या हातात देऊन गेलं?

खिडकीतनं रस्ता दिसतुया न्हवं? कोपऱ्यावर बघा. डावीकडं वळलं तर अफूचं दुकान, उजवीकडं वळलं तर आमची अडत… उभं हाईत? राहू द्या उभं. हाक मारू नका… पटका सोडला? … परत बांधत्यात? … बांधू द्या की सावकाश.

…वळलं?

…कुनीकडं, आक्का?

…

उजवीकडं.

…हाय, हाय. आइकतीया मी. दाराकडं बघत हुते.

…न्हाय, भांडते कशाला. काय बी इचारनार न्हाय. हमाल पोती दारातच टाकून जेवायला गेल्यात. म्हनीन, येवडी आत लावू लागा, मला येकटीला उचलत न्हाय… व्हय, गुडगा हाय की. येक बाजू मी धरीन.

ठिवते.