चार दिवसांचा कोट

सन दोन हजार पंचवीस, जानेवारीची सतरा तारीख, वार शुक्रवार, ऋतू थंडीचा... थंडी म्हणे! तुम्हाला सांगतो, ओमानात, ह्या सोहारला थंडी म्हणजे आपल्याकडचा फाल्गुन, पंखा लावला तर बरं, नाही लावला तर घाम, आणि अशा थंडीत मला, सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला, लोकरीचा काळा कोट चढवून, गळ्यापर्यंत सात बटणं लावून, डोक्यावर पगडी ठेवून पडद्यामागे तासभर उभं केलं! कशाला? तर इथल्या मराठी लोकांचा कार्यक्रम. ‘शंभर वर्षांचा पेहराव’. घालणारे मेले, शिवणारे मेले, आता म्हणे आजोबा, तुम्ही चालून दाखवा!

मी काही बोललो नाही. मी बोलत नाही. एकतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होतो, खांबावर चढून कोण कुणाशी बोलतो? खाकीचे दोन जोड, एक अंगावर, एक दोरीवर. आमची फॅशन संपली.

पण सूनबाई तेजश्री कार्यक्रमाच्या प्रमुख! “बाबा, यल्ला, चला चला, लाइनीत उभे राहा! आधी बाराबंदी, मग अंगरखा, मग तुमचा कोट!” आणि नात सई माइकवर सांगणार. तिचं मराठी म्हणजे पायात काटा मोडल्यासारखं, एक शब्द टाकते, थांबते, दुसरा टाकते. “आजोबा, स्माइल करा ना, यू लुक सो अँग्री!” अगं, चेहराच तसा आहे, तो काय शिंपी रशीदकडे देऊन उसवून घेऊ?

आणि पेहराव तरी काय एकेक! पुरुषानं म्हणे छातीवर बारा बंद बांधायचे. बारा! बांधून होईपर्यंत जेवायची वेळ, सोडून होईपर्यंत झोपायची. मग इंग्रज आला, बटण आलं, आणि माणसाला घाई आली. वरून साहेब, खालून धोतर, पायात पुणेरी जोडा. अर्धा माणूस कचेरीत, अर्धा घरी! बायकांच्या पोलक्याच्या बाह्या कोपरावरून मनगटावर उतरल्या, तिथे लेस लागली, पुन्हा वर चढल्या. नऊवारीची पाचवारी झाली. चार वार कापड वाचलं ते गेलं कुठे, कुणी सांगत नाही.

कापड कुठे जातं, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर हे सांगतोय.

हा कोट आमच्या आजोबांचा. म्हणजे असं आमचा मुलगा अंबरीश सांगतो. पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, दिवाणखान्यात काचेच्या कपाटात कोट टांगलाय, आल्यागेल्याला दाखवतो. “हा कोट घालून आमचे पणजोबा मामलेदार कचेरीत गेले, कारकून झाले आणि आमचं घर वर आलं!” लोक माना हलवतात. चहा येतो. मी तिथेच खुर्चीत असतो.

मी काही बोललो नाही. कोट आमचा नव्हे.

एकोणीसशे सतरा साल. कोटाशिवाय कचेरीत कुणी उभं करीना, आणि आजोबांकडे धड सदरा नव्हता. आमच्या गावी, खाडीपलीकडे अब्दुल करीम सोलकर म्हणून आगबोटीवरचा खलाशी होता. त्यानं स्वतःच्या लग्नाला मुंबईत हा कोट शिवून घेतला होता. तो म्हणाला, “ने, चार दिवसांनी आणून दे.” चार दिवसांत नोकरी लागली. मग नोकरीवर रोज काय घालून जाणार? चार दिवसांचं वर्ष झालं. मग मानमोडीची साथ आली, घराघरांत मढी, आणि सोलकर गेला.

त्याची बायको आमच्या दारात आली. कडेवर पोर. “कोट द्या. विकून कफनाचं कापड घेते.” आजोबा कचेरीत निघाले होते. कोट अंगावर होता. अंगावर, तुम्हाला सांगतो! आणि म्हणाले, “कसला कोट?”

कोट दिला तर नोकरी जाणार, घरात खाणारी सहा तोंडं... हे सगळं खरं. पण म्हणाले काय? कसला कोट.

बाई परत गेली. कफन कुठून आलं, देव जाणे. दाराआड माझे वडील उभे होते, वय वर्षं सहा. चौऱ्याऐंशी साली जाताना त्यांनी मला हे सांगितलं आणि म्हणाले, “तेवढा परत कर.” मी हो म्हणालो. एकेचाळीस वर्षं झाली. सोलकर गाव सोडून गेलेले, कुठे शोधणार, असं म्हणायचो. शोधले का? नाही.

आता कार्यक्रमासाठी कोट काढला तर काखेत कसर लागलेली. तेजश्रीनं तो बाजारातल्या रशीदकडे टाकला. रत्नागिरीकडचा माणूस, अरबांचे पायघोळ झगे शिवतो, आमच्या कार्यक्रमाचे सगळे कपडे त्यानंच नीट केले. बुधवारी कोट आणायला मी गेलो. रशीदनं कॉलर उलटी करून धरली होती. आतल्या अस्तरावर लाल दोऱ्यानं नाव घातलेलं, अ. क. सोलकर.

“काका, बसा,” म्हणाला. “ह्यो माज्या पणजोबाचा कोट हाय.”

मी बसलो.

“आमची पणजी सांगायची,” म्हणाला, “मानमोडीत घरात दमडी नव्हती, तवा कोट इकून कफन आणला. कुणी इकत घेतला ता तिनं कधी सांगलान नाय. तुमच्या आज्यानं घेतला तर! काका, तुमचे लय उपकार हायत. तुमच्यामुळं आमचा मानूस नागडा गेला नाय.” आणि माझे हात धरले हो त्यानं! शिवणकामाचे पैसे द्यायला गेलो तर म्हणतो, “खलास! तुमच्याकडून घेऊ?”

आता काय म्हणाल? त्या बाईनं जन्मभर आमची अब्रू झाकली. खोटं बोलून झाकली. आणि मी? तोंड उघडायला किती वेळ लागतो? दोन वाक्यं. कोट काखेत मारला आणि घरी आलो. मी काही बोललो नाही.

पण रशीद बोलला! तेजश्रीला फोन करून सगळं सांगितलं. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी. “बाबा, किती थोर होते हो पणजोबा! हे सईच्या माइकवर आलंच पाहिजे!” रशीदला पहिल्या रांगेत खुर्ची.

तर शुक्रवारी मी पडद्यामागे उभा. आत नुसता बनियन, कारण उकाडा, आणि बंद गळ्याच्या कोटात सदरा आहे की नाही कोण बघतंय? बाराबंदी गेली, अंगरखा गेला. मी निघालो. सई वाचू लागली, “हा कोट... माझ्या खापर... पणजोबांनी... विकत घेतला. एका गरीब... मित्राच्या... कफनासाठी.” टाळ्या! तीनशे माणसं टाळ्या वाजवतायत, अंबरीश मोबाइल धरून उभा, आणि पहिल्या रांगेत रशीद डोळे पुसतोय.

मी थांबलो. तेजश्री बाजूनं हात करतेय, “बाबा, चाला! बाबा, चाला ना!”

मी सात बटणं काढली. म्हाताऱ्या बोटांना वेळ लागतो. लोक हसले, त्यांना वाटलं हाही कार्यक्रम. कोट काढला, पायऱ्या उतरलो, रशीदच्या मांडीवर ठेवला.

“विकत घेतला नव्हता,” म्हणालो. “चार दिवसांसाठी मागून आणला होता. तुझी पणजी कफनासाठी मागायला आली. दिला नाही.”

माइक सईच्या हातात होता, ती माझ्यामागून उतरून आली होती. सगळ्यांनी ऐकलं.

रशीदनं माझ्याकडे बघितलं नाही. कोट उचलला, बाह्या आत घेतल्या, शिंपी घालतो तशी घडी घातली, छातीशी धरला आणि बाहेर गेला.

कार्यक्रम पुढे झाला, बाकी होताच. मी बनियनवर, डोक्यावर पगडी, गाडीत जाऊन बसलो. घरापर्यंत कुणी काही बोललं नाही. सोहारला थंडी असते. मी आपलं उगीच ‘नाही’ म्हणत होतो.