सुराला कळता कामा नये

पद्मा : “एक पाय वर यायच्या आत दुसरा खाली गेला पाहिजे. ऑर्गनचा भाता रिकामा होऊ द्यायचा नाही. पाय कधी बदलला, ते सुराला कळता कामा नये.” गुरुजींचं पहिल्या दिवशीचं वाक्य, अनुया. सकाळपासून कानात तेवढंच आहे. दुसरं काही ऐकूच येत नाही.

अनुया : आई, बाहेर नवनाथदादा माईकवर परत परत तुमचं नाव घेतायत, ते तरी ऐका. मांडव भरलाय. निम्मी मोशी आलीय, आपली अख्खी सोसायटी आलीय. गुरुजी रहाटणीहून रिक्षानं आलेत, या वयात. पहिल्या रांगेत बसलेत, मान खाली घालून.

पद्मा : मान खाली घातली म्हणजे ते ऐकायला बसले.

दुर्गाबाई : आन् तू हितं देवळाच्या कोठीत नारळाच्या पोत्यावर बसलीस. पंचाहत्तरी ऑर्गनची हाय, तुझी न्हाई. ऊठ.

पद्मा : आक्का, थोडं थांबा.

दुर्गाबाई : लगीन होऊन आलीस तवापासनं थांबतीच हाय. थोरली जाऊ म्हंजे काय, धाकटीचे उपास सुटायची वाट बघणारी बाई. आठवड्याला वार सात, हिचे उपास आठ.

अनुया : मोठ्या आई, आत्ता नको ना. आई, घाम आलाय तुम्हाला. शुगर लो झाली का? काही खाल्लंय का?

पद्मा : खाल्लं. गोळीही घेतली. तसलं काही नाही.

अनुया : मग स्टेजची भीती? तुम्हाला? माझं लग्न व्हायच्या आधीपासून दर गुरुवारी आरतीला वाजवताय.

पद्मा : आरतीला लोक गातात. टाळ असतात, झांजा असतात. मध्ये सूर तुटला तरी झाकून जातो. आज कोणी गाणार नाही. नुसता ऑर्गन, नुसती नांदी. पन्नाशीला ती गुरुजींनी वाजवली. संपल्यावर झाकणाची किल्ली माझ्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाले, “पंचाहत्तरीला तू.” मी ‘हो’ म्हटलं.

दुर्गाबाई : मग वाजीव की! नाटकवाल्यांची मंडळी मोडली, आन् जाताना ही पायपेटी दत्ताला वाहून गेली. मामंजी म्हनायचे, पेटी न्हाई, देवळात आलेली सून हाय ती, जपा. जपली. पुसली. दसऱ्याला हार घातला. आता तिचा येवढा मोठा दिवस, आन् वाजवनारी पोत्यावर.

अनुया : चला आई, हात द्या. अगंबाई, पाय केवढे मळलेत! दिवसभर अनवाणी का फिरताय? आणि हे टाचेखाली काय सांडलंय? कुंकू?

पद्मा : असेल. मघाशी पूजेचं ताट कलंडलं होतं.

अनुया : कुंकू असं ओलं नसतं. पाय वर घ्या बघू. अजून वर... आई.

पद्मा : काय गं?

अनुया : आई, टाचेत ड्रॉइंग पिन घुसलीय.

पद्मा : कुठल्या पायाच्या?

दुर्गाबाई : कुठल्या पायाच्या म्हंजे?

अनुया : डाव्या. पूर्ण आत गेलीय, नुसतं डोकं दिसतंय. पोरांनी बॅनर टाचला ना पडद्याला, त्यातली. आई, तुम्हाला कळलं नाही?

पद्मा : नाही.

अनुया : मी आत्ता दाबतेय. आत्ता?

पद्मा : नाही गं.

दुर्गाबाई : मला टोचली असती तर आळंदीपतूर ऐकू गेलं असतं. पद्मे, खरंच न्हाई कळत? माझ्याकडं बघून सांग.

पद्मा : दिवाळीपासून कळत नाही, आक्का. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग चप्पल पायात आहे की सुटली, ते वाकून बघावं लागायला लागलं. परवा इथं सराव करत होते, मध्येच सूर तुटला. मला वाटलं पाय पॅडलवर आहे. खाली बघितलं, तर तो बाजूला, फरशीवर. परक्याचा असावा तसा.

अनुया : आणि घरात कोणाला बोलला नाहीत?

पद्मा : बोलले की खरं होईल असं वाटलं.

अनुया : काय हे, आई!

पद्मा : माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. बाभळीचा काटा रुतला, तो कळला नाही. मग अंगठा गेला. मग घोटा. मग गुडघ्यापर्यंत. मी दवाखान्यात रोज डबा घेऊन जायचे. ती पांघरुणाखाली हात घालून चाचपायची आणि विचारायची, “आहे ना गं अजून?” मला खूप भीती वाटते, अनुया. जप करताना वाटते, पोळ्या लाटताना वाटते.

दुर्गाबाई : आन् असल्या पायानं अनवानी हिंडतीस? मला वाटलं, घेतलं असंल कसलं तरी वरत.

पद्मा : त्याचसाठी घेतलं. पादुकांपुढे बोलले होते, पायाला जाण येऊ दे, नांदी पार पडू दे. तोवर चप्पल घालणार नाही. वाजवून झालं की नदीच्या घाटावरून तांब्याभर पाणी अनवाणी आणीन आणि पादुकांवर घालीन.

अनुया : पायाला कळत नाही म्हणून अनवाणी? आई, शुगरवाल्यांनी घरातसुद्धा चप्पल घालायची असते. डॉक्टर उत्कर्षामॅडमच्या दवाखान्यात केवढं मोठं चित्र लावलंय भिंतीवर. दर महिन्याला त्याच्याखालीच बसता तुम्ही!

पद्मा : दत्ताच्या तर पादुकाच आहेत, गं. पायाचं दुखणं त्यांना नाही सांगायचं, तर कोणाला?

अनुया : डॉक्टरांना! थांबा, लावतेच फोन. हॅलो, डॉक्टर, मी अनुया बोलतेय, पद्माआईंची सून. त्यांच्या टाचेत पिन गेलीय, आणि त्यांना कळलंच नाही... हो, अनवाणी होत्या... नाही, आधीपासूनच कळत नाहीये, आम्हाला आत्ता सांगतायत... काढू मी?... बरं... बरं... हो, वजन नाही टाकू देत... आजच आणते. किती वाजेपर्यंत आहात?... हो, येतोच.

पद्मा : काय म्हणाल्या? कापायचं म्हणाल्या?

अनुया : कोणी काही कापत नाही. पिन काढायची, पाण्यानं धुवायचं, स्वच्छ फडकं दाबून बांधायचं. त्या पायावर वजन टाकायचं नाही. आणि आजच्या आज दाखवायचं. दवाखाना नऊपर्यंत उघडा आहे. मोठ्या आई, पाणी द्या. आणि तो पाटावरचा नवा पंचा.

दुर्गाबाई : घे. हळू. अगं हळू!

पद्मा : मला काही होत नाहीये, आक्का.

दुर्गाबाई : मला हुतंय.

अनुया : निघाली. जरा दाबून धरते. आई, मी बाहेर सांगून येते कार्यक्रम रद्द म्हणून. आत्ताच निघू.

पद्मा : नको.

अनुया : या पायानं पॅडल मारणार तुम्ही?

पद्मा : नाही मारता येणार. माहीत आहे मला. पण गुरुजी नव्वदीचे झाले. पुढचं निमित्त कुठलं काढू? बाहेर गेले तर सूर तुटेल याची भीती, इथून दवाखान्यात गेले तर परत कशी येईन याची भीती. म्हणून तर पोत्यावर बसलेय. दोन्हीकडे जायचे पायच नाहीत मला.

दुर्गाबाई : पाय न्हाईत तर न्हाईत. बोटं हायेत न्हवं?

पद्मा : बोटं आहेत.

दुर्गाबाई : मग बोटं तू लाव. पाय ही लावंल. बाकडं काय येकट्यापुरतं न्हाई, दोघी मावत्यात त्यावर.

अनुया : कोण ही? मी? मोठ्या आई, मला सा कुठला नि रे कुठला तेसुद्धा कळत नाही! कंपनीच्या ॲन्युअल डेला मी नुसते ओठ हलवते.

पद्मा : भात्याला सा-रे नसतात. त्याला नुसता श्वास लागतो... पण आक्का, ही फसवणूक होईल. गुरुजींना वाटेल मीच वाजवतेय.

दुर्गाबाई : मग सांगून येते त्यास्नी. कान जाग्यावर हायेत म्हाताऱ्याचे. तवर तुमी दोघी काय ते ठरवा.

अनुया : आई, तुमची नांदी माझ्यामुळे बिघडली तर? इतके लोक, गुरुजी...

पद्मा : इकडे बस, या पोत्यावर. मी खाली बसते, वजन नाही टाकत. ठेव तुझी पावलं माझ्या तळहातांवर.

अनुया : नाही हं! तुमच्या हातावर पाय? काहीतरीच काय!

पद्मा : ठेव गं. दुसरं पॅडल कुठून आणू इथं?

अनुया : देवा. माफ करा हं.

(पद्माबाईंचे दोन्ही तळहात अनुयाच्या पावलांखाली. पावलं आळीपाळीनं दाबतात, हात खाली जातात, वर येतात.)

पद्मा : आपटू नको. कणीक तिंबतेस ना, तसं. रेटून, पण सावकाश. उजवा वर यायच्या आत डावा... नाही, आता मध्ये पोकळी राहिली. तिथं सूर दचकेल. परत.

अनुया : असं?

पद्मा : असं. अगं, तुझे पाय थरथरतायत.

अनुया : कळतंय तुम्हाला?

पद्मा : सगळं कळतंय. टाच कुठं दाबतेस, चवडा कुठं सोडतेस. हातांना अजून सगळं कळतंय, अनुया.

अनुया : मग रडताय कशाला?

पद्मा : नाही रडत. तू थांबू नको. गती नको वाढवू. मी बोटं जोरात दाबली, तरी तू घाबरून जोर लावायचा नाही. तुझं तू चालत राहायचं.

अनुया : आणि वाजवून झालं की दवाखाना. आधी शब्द द्या. घरी जाऊन दिवा लावते, मग जाऊ, असलं काही चालणार नाही.

पद्मा : आणि त्यांनी ठेवून घेतलं तर?

अनुया : तर मी तिथं राहीन. तुम्ही चाचपायचं नाही. मला विचारायचं, मी बघून सांगेन.

पद्मा : दिला शब्द.

दुर्गाबाई : आता बया! येवढंच बघायचं ऱ्हायलं व्हतं. सुनंचे पाय सासूच्या हातात! गावात सांगू का कुनाला?

अनुया : सांगा, माईकवरून सांगा. गुरुजी काय म्हणाले?

दुर्गाबाई : आधी पद्मेच्या पायाचं सगळं इचारून घेतलं. मग म्हनले, पोरीला सांग, बसल्याबसल्या घाई करू नको. आधी भाता भरून घे, मग पद्मेला बोटं ठेवू दे. आन् नवनाथला त्यांनीच सांगितलं माईकवर दोघींची नावं घ्यायला.

पद्मा : रागावले नाहीत?

दुर्गाबाई : पायाचं आधी का न्हाई सांगितलं, म्हनून रागावलेत. ते तू ऐकून घे उद्या. उठा आता. खुर्ची आणलीय दारात, पोरं उचलून बाकड्यापतूर नेतील. लाजू नको, पंचाहत्तरीची नवरी हायस.

पद्मा : आक्का, माझा तांब्या. त्या कोनाड्यात आहे.

अनुया : आई! घाटावर जायचं नाही. शब्द दिलाय तुम्ही.

पद्मा : मी जात नाही गं. पण पादुकांपुढे बोललेलं आहे. ते तसंच ठेवून दवाखान्याची पायरी चढायची, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

दुर्गाबाई : दे तो तांब्या हिकडं.

पद्मा : तुम्ही?

दुर्गाबाई : घरातल्या कुनीबी फेडला तरी फिटतो की नवस. तुझ्या पोराच्या गोवराला तू बोललेलं मी फेडलं न्हवतं? नदीवर फेस तरंगत असतो हल्ली, तो बाजूला सारते नि खालचं घेते. देवाला चालंल.

अनुया : मोठ्या आई, म्हणजे तुम्ही नांदी ऐकणार नाही?

दुर्गाबाई : भोंगा घाटापतूर ऐकू जातोय. तुझा भाता तुटला तर तिथनं वरडंन.

पद्मा : आक्का, घाटाच्या वाटेवर सगळी खडी टाकलीय नव्या बिल्डिंगवाल्यांनी.

दुर्गाबाई : बघितलीय. ह्या माझ्या चपला हितं दारात ठेवते. वाजवून झालं की ह्याच घालून दवाखान्यात जायचं. माप येकच हाय आपलं.

पद्मा : आणि तुम्ही?

दुर्गाबाई : मला टोचतंय अजून, पद्मे. तुमी भाता भरा. मी पाणी घेऊन येते.