दोनशे चाळीस चॅनल, माणसं दोन

ब्लाउज शिवणारी बाई केबलच्या ऑफिसात आली होती ती कनेक्शन कायमचं तोडायला, आणि तेही घाईघाईने. पण रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकू खिडकीतल्या कारकुनाशी बोलायला लागल्या आणि हिची घाई कुठल्या कुठे गेली.

“आमचं पॅकेज बदला हो. झेपत नाही आता.”

“दर वाढलेत खरे, काकू.”

“दराचं नाही म्हणत मी. बघून होत नाही. दोनशे चाळीस चॅनल, माणसं दोन.”

“अहो, सगळे बघायचे नसतात!”

“मग पैसे सगळ्यांचे कशाला घेता? आम्ही वाटून घेतलेत. दुपारपर्यंत हे कुस्ती, शेअर बाजार आणि परदेशी बातम्या उरकतात. मग मी कार्टून, दागिने आणि मासेमारी.”

“मासेमारी कशाला?”

“तुम्हीच कार्टूनला बांधून दिलीत ना! मी बसले की हे दमून झोपतात. सहा महिने झाले, एकमेकांशी धड बोललो नाही.”

“मग एकच चॅनल घ्या.”

“मिळतं?”

“मिळतं. पण सुटं घेतलं तर पॅकेजपेक्षा महाग पडतं.”

“पडू दे.”

“काकू, एकासाठी दोनशे चाळिसांपेक्षा जास्त?”

“पडू दे म्हटलं ना. दोघं एका वेळी बसू तरी.”

“बरं. कुठलं देऊ?”

काकूंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

“ज्याच्यावर बघण्यासारखं काहीच नसतं, असं द्या एखादं.”