साहेबांच्या पलंगावर

नाही, नाही, हसू नका! डोळे सुजलेत ते झोपून नाही, न झोपून... तुम्हाला सांगतो, मला फक्त झोपायचं होतं हो! डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत अख्खा जन्म पाळ्या केल्या, गेल्या महिन्यात रिटायर झालो, तर आमची मुलगी संचिता म्हणते, "बाबा, आईला घेऊन हॉटेलात जा, मस्त झोपा." बरं, साधं हॉटेल बघेल? नाही! शहाडच्या पुढे नदीकाठी कुणा इंग्रज साहेबाचा जुना बंगला, त्याचं केलंय हॉटेल. सगळं हातानं घडवलेलं! दारं, खिडक्या, बिजागऱ्या, भिंतीवरची फुलंसुद्धा... त्या काळी तिकडे इंग्लंडात काही लोक मशीनवर रुसलेले म्हणे. अहो, मी आयुष्यभर मशीनपाशी उभा राहिलो, मी रुसलो का?

जेवलो, पंखा लावला, त्या सागवानी पलंगावर पाठ टेकली, आता डोळा लागणार, तोच दार ढकलून दहा-बारा माणसं आत! पुढे गाईड, सर्वेश. "या, ही साहेबांची निजायची खोली, सगळं ओरिजिनल, कृपया हात लावू नका." मी चादर गळ्यापर्यंत ओढली. एक बाई माझ्याकडे बघून हळूच विचारतात, "हे पण त्या काळातले का?"

तसाच खाली गेलो, मॅनेजरला धरला. तो गोडीत, "सर, शनिवारी दुपारी ही रूम लोकांना दाखवतो, आल्या आल्या सांगितलेलं ना, तुमच्या मॅडम म्हणाल्या, येऊ द्या की." अरे, मग आतून कडी तरी लावून द्या! "सर, नवीन कडी लावली की हेरिटेज जातं." मला फक्त झोपायचं होतं हो!

आणि खरं दुखणं वरच होतं. माझी बायको, रजनी. दारात आलेला माणूस चहा न घेता गेला तर हिला जेवण जात नाही. वर येऊन बघतो तर सगळी वरात पलंगावर! "अगंबाई, उभे काय, बसा ना! घर बघायला आलात आणि तसेच जाणार?" घर? अगं, कुणाचं घर? पण ऐकतंय कोण... किटली चालू, घरून आणलेल्या चकल्यांचा डबा उघडा, पुढची तुकडी आली तरी आधीची उठेना! "काकी, चकल्या घरच्या?" "हो तर! सगळं हातानं!" सर्वेशनं टाळ्याच वाजवल्या. आणि मी? पलंगाच्या कोपऱ्यावर, मांडीवर कुणाचं तरी बाळ घेऊन. ते मात्र गाढ झोपलेलं.

संध्याकाळी मॅनेजर वर आला. वाटलं, माफी मागेल. तर म्हणतो, "काकी, लोक एरवी दोन फोटो काढून निघतात, आज कुणी हलेनाच! दर शनिवारी याल का? राहणं-जेवण आमच्याकडे." मी मागून मान हलवतोय, हातवारे करतोय, नको, नको... आणि ही काय म्हणाली असेल? "येईन की! ह्यांनाही आणते, तेवढाच त्यांना आराम."

तेव्हा शनिवारी दुपारी मला फोन करू नका हं... आरामाला जायचं असतं.