पाय लागला म्हणून केलेला नमस्कार

नाव सुलक्षणा मुरलीधर खांबेटे, वय ५१, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार ब्रॅकनेल, इंग्लंड. पोलीस स्टेशनला स्वतः येऊन, दुभाषी श्री. अंबरीश यांच्यामार्फत विचारल्यावरून सांगते की,

माझे पती मुरलीधर आयटी कंपनीत नोकरीस असून रविवारी पूजा आटोपून विद्यापीठांच्या मुलांच्या अमेरिकन फुटबॉलला पंच म्हणून जातात. गेल्या रविवारी मी सोबत होते. एकादशी होती. चहा घरून थर्मासमधून नेला होता. तिथला मी विकत घेत नाही. शेजारी आमच्या ओळखीची विद्यार्थिनी अक्षया बसली होती.

शेवटचे काही सेकंद उरले होते. लाल संघ तीन गुणांनी मागे होता व चेंडू निळ्या संघाच्या रेषेजवळ होता. अक्षया म्हणाली, "काकू, आता किक मारून तीन पॉइंट घेतील. टाय होईल, मग एक्स्ट्रा टाइम."

मी म्हटले, "म्हणजे अजून बसायचं ह्या थंडीत?"

परंतु लाल संघाच्या कोचने किक न घेता चेंडू घेऊन रेषेपलीकडे घुसायला सांगितले. घुसले तर जिंकले, नाहीतर संपले. मी म्हटले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी!" अक्षया म्हणाली, "काकू, तुम्हीच व्हा कोच."

रेषेवर मुलांचा ढीग पडला. पती तिथेच उभे होते. खाली पडलेल्या एका निळ्या मुलाच्या खांद्याला त्यांचा बूट लागला. ते वाकले, त्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला. मग उभे राहून त्यांनी चेंडू पलीकडे गेला नाही अशी खूण केली. निळे जिंकले.

सामन्यानंतर एका लाल खेळाडूचे वडील मोबाइल नाचवत आले. इंग्रजीत म्हणाले, "वाकून नमस्कार करतोस त्यांना? किती पैसे खाल्लेस?" पती "सॉरी, सर" एवढेच म्हणाले. त्या गृहस्थांनी ठोसा मारला. पतींचा जबडा मोडला.

आता त्या मोबाइलवरचा नमस्काराचा व्हिडिओ पाहिलेले सगळे म्हणतात की पंच विकला गेला होता. पतींना बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या बाजूने मी आले आहे.

येताना दीर मोहन म्हणाले, "वहिनी, पाय लागला की आपण नमस्कार करतो, एवढंच सांगा. त्यापुढे काहीही विचारलं तरी डोन्ट नो."

ते मी सांगितले. आमच्यात चुकून पाय लागला तर माणसालाच काय, पुस्तकाला, केरसुणीलासुद्धा नमस्कार करतात. हात आपोआप जातो. पतींनी कोणाचाही पैसा घेतलेला नाही.

पोलीसबाईंनी विचारले, नमस्कार करताना त्यांची नजर कुठे होती? मी सांगितले, त्या मुलाकडे. त्यांनी विचारले, मग चेंडू कोणी पाहिला?

मी देवाला स्मरून बोलायला बसले आहे. काल हॉस्पिटलात मी पतींना विचारले, "अहो, चेंडू दिसला होता ना तुम्हाला?" त्यांचा जबडा तारेने बांधलेला आहे, पण मान हलवता येते. ती त्यांनी भिंतीकडे वळवली.

दुभाष्यांनी हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. यातले काही काढायचे आहे का, असे पोलीसबाईंनी विचारले. मी नाही म्हटले. सांगितले तसेच लिहिले आहे व ते खरे आहे.