कॉम्प्युटर चहा पीत नाही

…आणि तेही विचारलं कुणाला, तर धनसिंगला! अहो, जळगावच्या दाणाबाजारात दलाल मंडळाचा कारकून तो, अकरा वर्षं हंगामी, पिंप्राळ्याहून रोज सायकल हाणत येणारा… त्याच्या हाती थेट दिल्लीचा फॉर्म! शहाण्णव साल, मंडळात कॉम्प्युटर यायचा होता ना, टेलिफोनच्या तारेतून सौदे होणार म्हणे! पण आधी बाजाराने लिहून द्यायचं, व्यवहार कशाला म्हणतात? सुरू कधी होतो, पुरा कधी होतो? अध्यक्ष पंडितनाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एवढं जमाड, धनसिंग. मशीनवर तूच बसशी, कायम! मना शब्द शे!" झालं! गडी हवेत. त्याच संध्याकाळी बायकोला, सुनंदाबाईला सांगूनही मोकळा.

तुम्हाला सांगतो, सोपं वाटतं हो! तो गेला जुने अडते कन्हैयालालशेठ यांच्याकडे. शेठनी त्याचा हात ओढला रुमालाखाली, दाबली दोन बोटं. "हो गया सौदा!" अहो पण बोललात काय? "बोलायचं कशाला? शेजारचा ऐकेल नी!" आणि फॉर्म विचारतो, देकार, म्हणजे देऊ केलेला भाव, कोणत्या भाषेत दिला? आता बोटांची भाषा कोणती लिहायची? सांगा, हा व्यवहार धरायचा का?

तेवढ्यात नशिराबादच्या भागाबाई, तुरीची पोती घेऊन आलेल्या, मध्येच म्हणाल्या, "बोटं काय करतस, भाऊ? च्या पिधा म्हंजे सौदा व्हयना! नही पिधा तं पोतं घर वापस!" घ्या! आणि कपात घोटभर उरला तर? पाऊण व्यवहार? बशीत ओतून ठेवला आणि पाहुणा उठून गेला तर? धरायचा का?

धनसिंगने सगळं इमानदारीने लिहिलं, बोटं, रुमाल, चहा, आणि एसटीने गाठलं धुळं. तिथे या फॉर्मांचीच बैठक. मुंबईचे साहेब, गळ्यात टाय, भर मे महिन्यात! त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "मिस्टर धनसिंग, कॉम्प्युटर चहा पीत नाही." अख्खा हॉल हसला हो! धनसिंगला वाटलं, कायमची खुर्ची चालली हातातून… त्याने पेन काढलं, सगळ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'लेखी देकार, लेखी होकार, एवढाच व्यवहार. तोंडी शब्द धरू नये.' खाली सही, ठसठशीत! साहेब खूश, टाळ्या! येताना एसटीत मात्र त्याला लाज वाटली. कन्हैयालालशेठचा सौदा चाळीस वर्षांत फिरला नव्हता आणि यानं तो एका ओळीत रद्द केला होता.

महिन्याभरात कॉम्प्युटर आला. धनसिंग इस्त्रीचा शर्ट घालून हजर… खुर्चीत बसलेला नानांचा भाचा!

"नाना, तुम्ही शब्द दिधा व्हता!"

"तोंडी ना रे तो? तोंडी शब्द धरू नये, हाई धुळाले कोनी लिखी दिधं? तुन्हीच सही शे ना खाले?"

तरी बिचारा म्हणाला, "मंग नाना, नही म्हनीसन तरी लेखी द्या…"

नाना पान जमवत म्हणाले, "नही म्हनाले कागद कसाले? नकार म्हंजे काय येव्हार शे का?"