सासूबाईंचा पियानो

नाही, तुम्हीच सांगा, हा काय दिवाणखाना आहे की गोदाम? दारातून आत यायचं तर पोट आत घेऊन, तिरकं होऊन... का? तर पियानो! तुम्हाला सांगतो, मी पडदे शिवणारा माणूस, लोकांच्या खिडक्या मोजत फिरतो, आणि माझ्याच घरातली खिडकी पियानोमागे गडप! बरं, वाजवतं कोण? कोण्णी नाही!

सासूबाई वाजवायच्या. त्या गेल्या, सासरे आमच्याकडे राहायला आले. सामान काय? एक बॅग... आणि हे धूड! जिन्यावरून चढवताना कठडा निखळला! सासऱ्यांना स्वतःला सुराचा गंध नाही, पण रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसणार, झाकण उघडणार, बघत बसणार, बंद करणार. बायकोला म्हटलं, "अगं, तू तरी वाजव!" तर फणकारली, "एक सूर चुकला की आई बोटांवर पट्टी मारायची. मी नाही हात लावणार!" झालं! वाजवतं कोण? कोण्णी नाही!

शेवटी धीर करून म्हटलं, "बाबा, विकू या का?" मला वाटलं, चिडतील. तर हळूच म्हणाले, "तुमची अडचण होतेय खरी. विका." अहो, माणूस भांडला तर बरं, असं हळू बोलला की घास उतरत नाही हो!

तरी गिऱ्हाईक आलंच. संगीत शिकवणाऱ्या बाई. म्हणाल्या, "जरा वाजवून दाखवा." आली का पंचाईत! मी सासऱ्यांकडे बघतोय, सासरे फडक्याकडे... आणि बायको ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली, बसली धाडकन, आणि सुरू! अहो, वाजतंय! अडखळत, पण वाजतंय! मध्येच चुकली. हात मागे घेतले. तर सासरे म्हणतात,

"असू दे गं... तुझी आईसुद्धा इथेच चुकायची."

"आई? चुकायची?"

"रोज! मला वाटायचं, ती धूनच तशी आहे."

मग काय... बायको हसतेय की रडतेय, कळेना. बाईंनी पर्स उचलली, चपला घातल्या. "पियानो छान आहे हो. पण हा काही विकाऊ दिसत नाही!"

आता विचारा, वाजवतं कोण! रोज संध्याकाळी सासऱ्यांची लेक वाजवते, बाप शेजारी बसतो, त्या जागेवर ती मुद्दाम चुकते आणि दोघं खिदळतात.

तेव्हा मंडळी, ओळखीत कुणाला सोफा हवाय का? मजबूत आहे, तिघं ऐसपैस बसतात. घेऊन जा... मी काय, उभ्यानंच ऐकतो!